मेणवलीचा विसावा

विश्रांतीसाठी मुद्दाम घर सोडून कोठेतरी जावे, ही कल्पना साहेबाने आपल्याकडे आणली असे पुष्कळांना वाटते. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरी पेठ वसवली, १८५० साली ह्यू मॅलेट नावाच्या कलेक्टराला माथेरान सापडले, आणि तेव्हापासून आम्ही हवा पालटायला जाऊ लागलो, असा हा हिशेब. त्याआधी आमचे लोक एक तर तीर्थयात्रेला जात, नाही तर लग्नकार्याला. आणि या दोहोंत विश्रांती कितपत मिळते, हे ज्याने केले आहे त्याला सांगायला नको.

हा हिशेब अगदीच खोटा नाही, परंतु पुराही नाही. आमच्या मुत्सद्द्यांना आणि सरदारांनाही राजधानीचा शीण येत असे. हवेच्या ठिकाणांऐवजी त्यांनी नदीचे काठ शोधले. नदीकाठी एखादे गाव इनाम मिळवावे, तेथे वाडा बांधावा, वाड्यापासून पाण्यापर्यंत घाट उतरवावा, घाटावर देऊळ उभारावे, आणि केव्हातरी कारभारातून मोकळे झालो की तेथे जाऊन स्नानसंध्या करीत राहावे, असे त्यांचे मनसुबे असत. कृष्णेच्या काठी वाईच्या आसपास असे मनसुबे जितके दगडात उतरलेले दिसतात, तितके क्वचितच कोठे दिसतील. त्यांतला एक मनसुबा नाना फडणिसांचा. त्याचे नाव मेणवली.

मला विश्रांतीची गरज आहे असे डॉक्टरांचे मत पडले, तेव्हा एका स्नेह्यांनी मेणवलीचे नाव सुचवले. वाईपासून गाव अवघे तीन किलोमीटर. त्यांच्या ओळखीचे एक घर गावात होते. अट एवढीच की पुस्तके बरोबर न्यायची नाहीत. मी ती अट पाळली. पण ज्या गावात पाऊल टाकले की समोर अठरावे शतक उभे राहते, तेथे पुस्तके नेली नाहीत म्हणून डोके कसे स्वस्थ बसणार? पाच दिवस मी तेथे होतो. शरीराला विश्रांती पुष्कळ मिळाली. डोक्याला मिळाली नाही, याचे मला वाईटही वाटले नाही.

गाव लहान. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही. मुख्य रस्त्याने चार पावले गेले की एका बाजूला नानांच्या वाड्याची उंच भिंत लागते, ती संपेपर्यंत माणूस आपला आवाज आपोआप खाली आणतो. मला या गावाची एक गंमत वाटली. येथे कोणाला वाट विचारली तर तो एक खूण अठराव्या शतकातली सांगतो आणि दुसरी एकविसाव्यातली. ‘वाड्याच्या मागच्या दारानं उतरा, पुढं शूटिंग झालेलं झाड लागंल,’ असे एका पोराने मला सांगितले. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटातले गाव म्हणजे बव्हंशी हीच मेणवली. त्यामुळे येथे येणारे पाहुणे दोन जातींचे असतात. एक नानांना शोधत येतो, दुसरा शाहरुख खानला. गावकरी दोघांनाही सारख्याच अगत्याने एकाच घाटावर नेऊन सोडतात.

आता हे गाव नानांकडे आले कसे ते पाहू. औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी ते नानांना दिले, आणि १७६८ च्या डिसेंबरात नानांनी ते स्वीकारले, असे सांगितले जाते. या सालाकडे जरा लक्ष द्यावे. १७६८ च्या जूनमध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी धोडपच्या लढाईत आपल्या चुलत्याचा, राघोबादादांचा, पाडाव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत आणून ठेवले. पुण्यात कोणाचा शब्द चालणार याचा निकाल त्या पावसाळ्यात लागला. माधवरावांच्या विश्वासातला, फडावर बसून साऱ्या दौलतीच्या जमाखर्चावर नजर ठेवणारा सव्वीस वर्षांचा फडणीस हा आता साधा कारकून राहिला नव्हता. प्रतिनिधी आणि मंत्री ही साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारची जुनी पदे. मान मोठा, पण सत्ता केव्हाच पुण्याला गेलेली. अशा मानकऱ्यांनी पुण्याच्या तरुण फडणिसाला गाव द्यावे, यात औदार्य असेलच. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे ओळखण्याचे शहाणपणही आहे. त्या काळचे इनाम हे असे असते. दानपत्रात धर्माची भाषा आणि दानपत्रामागे दरबाराचे राजकारण.

नानांनी गाव घेतले आणि नीट वसवले. सहा चौकांचा वाडा बांधला. त्याच्या भिंतींवर चित्रे काढवली. त्यांतली काही रंग धरून अजून आहेत. वाड्याच्या पाठीमागून नदीकडे घाट उतरवला. कृष्णा येथे वळण घेते, आणि घाटाच्या पायऱ्याही त्या वळणाबरोबर अर्धचंद्रासारख्या वळल्या आहेत. काठावर दोन देवळे बांधली, एक विष्णूचे आणि दुसरे मेणेश्वराचे. नाना स्वतः विष्णुभक्त. पुण्यातील बेलबागेचे देऊळ त्यांचेच. परंतु गावचा देव महादेव, म्हणून त्यालाही त्याचे स्थान मिळाले. पायऱ्यांवर बसून पाहिले की ध्यानात येते, हा घाट कोणा यात्रेच्या गर्दीसाठी बांधलेला नाही. एका माणसाने पहाटे येऊन बसावे, पाण्याकडे पाहावे आणि कोणी हाक मारू नये, असा याचा घाट आहे.

ज्याने हे बांधले तो माणूस कोण होता, हे आठवले म्हणजे या निवांतपणाला वेगळाच अर्थ येतो. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. चौदाव्या वर्षी वडील गेले. एकोणिसाव्या वर्षी ते पानिपतावर होते. ते तेथे गेले ते मुख्यतः लढायला नव्हे. सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेतली तीर्थे घडतील म्हणून आई आणि पत्नी यांच्यासह निघाले होते. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी सगळे संपले, तेव्हा जीव वाचवून पळणाऱ्या हजारोंत हा कृश अंगाचा तरुणही होता. आई त्या धामधुमीत गेली. पत्नी पुढे सुखरूप भेटली. नानांनी पुढे स्वतःच्या हाताने आपले आत्मवृत्त लिहिले. त्यात हा पळ आहे, ती भीती आहे, आणि तरुणपणच्या मनाचे चाळेही त्यांनी झाकून ठेवलेले नाहीत. मराठीत इतक्या जुन्या काळात, इतक्या मोकळेपणी स्वतःविषयी लिहिणारे गृहस्थ फार थोडे. त्या माणसाने पानिपतानंतर सात-आठ वर्षांनी एका नदीकाठी स्वतःसाठी शांत जागा बांधायला काढावी, हे मला फार स्वाभाविक वाटते. ज्याने तसा कल्लोळ ऐकला त्याला शांततेची किंमत ठाऊक असते.

पण ती किंमत ठाऊक असणे वेगळे आणि ती शांतता हाती येणे वेगळे. १७६८ नंतरची वर्षे मी घाटावर बसून बोटांवर मोजली. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले. १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि चाळीस दिवसांच्या पेशव्याच्या नावाने बारभाईंचा कारभार सुरू झाला. १७७५ साली राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि सुरतेचा तह झाला. १७७६ त पुरंदरचा तह. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज वडगावपर्यंत आली आणि तेथे शरण आली. १७८२ त सालबाईचा तह. मग हैदर, टिपू, निजाम, महादजी शिंदे. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई. वीस-बावीस वर्षांत असा एक पावसाळा सापडत नाही की फडणिसांनी फड बंद करून कृष्णाकाठी स्वस्थ जाऊन बसावे. या माणसाची लढाई तलवारीची नव्हती. ती पत्रांची होती; आणि तलवार म्यानात घालता येते, पत्रव्यवहार घालता येत नाही. हिंदुस्थानच्या प्रत्येक दरबारातून बातमी यायची आणि प्रत्येक बातमीला उत्तर जायचे. मेणवलीच्या वाड्यात नानांचा म्हणून एक पलंग दाखवतात. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. या पलंगाच्या धन्याला त्याच्यावर किती रात्री निजायला मिळाल्या असतील, हा हिशेब मात्र कोणत्याही फडावर लिहिलेला नाही.

आणि नाना या बाजूला मुक्कामाला आले ते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडले आणि दोन दिवसांनी वारले. गादीवर कोण, यावरून पुण्यात जे डाव मांडले गेले त्यांत दौलतराव शिंदे, परशुरामभाऊ पटवर्धन, राघोबादादांचे चिरंजीव बाजीराव, सारेच होते. आणि नानांना पहिल्यांदाच पुणे परके वाटू लागले. १७९६ साली ते पुणे सोडून साताऱ्यास आणि तेथून वाईकडे आले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या विसाव्यासाठी वाडा बांधला, त्या विसाव्याच्या मुलुखात धनी आला तो जीव मुठीत धरून. आणि तेथेही स्वस्थता नाहीच. त्यांना धरण्यासाठी स्वार निघाल्याची बातमी लागताच ते सह्याद्री उतरून महाडकडे गेले, रायगडाचा बंदोबस्त केला, आणि तेथे बसून पुन्हा पत्रे लिहू लागले. त्या पत्रांनी काही महिन्यांत साऱ्या दरबाराचे पारडे फिरवले. वर्षअखेरीस बाजीराव गादीवर आले आणि नाना पुन्हा कारभारात. पण डाव जिंकला तरी माणसे फिरली होती. १७९७ च्या शेवटच्या दिवशी शिंद्यांच्या लष्करातल्या फिलोज नावाच्या नेपल्सकडच्या सरदाराने त्यांना दगा देऊन पकडले. अहमदनगरच्या किल्ल्यात काही महिने कैद भोगून ते १७९८ त सुटले, आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट पामर याने त्या वेळी कबूल केले की मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम या माणसाबरोबर गेले. शत्रूने दिलेला तो दाखला होता. त्यानंतर अठरा वर्षांत राज्य गेले.

नानांच्या मागे राहिल्या त्या त्यांच्या तरुण पत्नी जिऊबाई. लग्ने अनेक झाली, पण मूल जगले नाही. जिऊबाईंचे हाल झाले. बाजीरावांचा डोळा नानांच्या संपत्तीवर होता. नानांचा विश्वासू किल्लेदार धोंडोपंत निजसुरे याने लोहगड धरून ठेवला होता. जिऊबाई त्याच्या आश्रयाने तेथे राहिल्या. अखेर जनरल वेलस्लीच्या हमीवर त्या गडावरून खाली आल्या, पनवेलीस राहिल्या, वर्षाला बारा हजारांची नेमणूक त्यांना मिळाली. हा वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ज्या कंपनीला नानांनी जन्मभर दूर ठेवले तिच्याच सेनापतीच्या शब्दावर त्यांच्या विधवेचा संसार टिकावा, यातला काटा मी वाचकांना वेगळा दाखवायला नको. पेशवाई बुडाल्यावर जिऊबाई मेणवलीत राहिल्या, दत्तक घेतला, आणि घराणे तेथे रुजले. नानांचा विसावा अशा रीतीने भोगला तो त्यांच्या मागे राहिलेल्यांनी.

मेणवलीची खरी नवलाई मात्र घाटावर आहे. मेणेश्वराजवळ एका लहानशा दगडी घुमटीत एक प्रचंड घंटा टांगली आहे. पंचधातूची म्हणतात. वजन साडेसहाशे किलोच्या घरात सांगतात. जवळ जाऊन पाहावे तो तिच्यावर कडेवर बाळ घेतलेली एक स्त्री कोरलेली दिसते, आणि १७०७ हे साल. ती स्त्री म्हणजे येशूची माता मेरी. घंटा मुळात वसईच्या बाजूच्या कोण्या चर्चची. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चांच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा आहे, भीमाशंकरास एक आहे. मेणवलीची त्यांचीच बहीण.

गावात ऐकायला मिळते की चिमाजीअप्पांनी ही घंटा मेणवलीच्या महादेवाला वाहिली. कथा गोड आहे, पण सालांना ती मानवत नाही. वसई पडली १७३९ त. नाना जन्मले १७४२ त. अप्पा तर त्याआधीच, १७४० च्या डिसेंबरात, वारले होते. मेणवली नानांकडे आली १७६८ त, आणि हे देऊळ त्यानंतरचे. तेव्हा घंटा मिळाली त्या वेळी तिला टांगायला हे देऊळ नव्हते, आणि देऊळ बांधणाराही जगात नव्हता. म्हणजे वसईतून निघालेली ही घंटा मेणवलीच्या घाटावर पोचायला निदान तीस वर्षे लागली. मधली तीस वर्षे ती कोठेतरी पडून होती, एखाद्या कोठारात म्हणा, किल्ल्यावर म्हणा, दुसऱ्या देवळात म्हणा. विजयाची खूण म्हणून जी आणली, तिच्या विजयाची ऊब तोवर निवून गेली असेल. नानांच्या हाती ती आली तेव्हा ती लुटीतली वस्तू उरली नसावी. एक उत्तम नादाची घंटा, एवढाच तिचा अर्थ शिल्लक राहिला असावा. पितळ, कासे यांची तोफा ओतणाऱ्यांना त्या काळी किती हाव होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही घंटा वितळवली गेली नाही, हेसुद्धा नवल आहे.

तरीही एक प्रश्न मनात राहतोच. कोणाच्या तरी प्रार्थनेची घंटा कोणाच्या तरी पराभवानंतर येथे आली आहे. वसईच्या तहात तिकडच्या ख्रिस्ती रयतेला धर्माची मोकळीक ठेवली होती, हे खरे, आणि त्या मुलुखात ती रयत आपल्या धर्मासह आजही नांदते आहे. पण ज्यांची घंटा गेली त्यांना ती ऐकू येईनाशी झाली, हेही खरेच. हा प्रश्न डोक्यात घोळवीत मी घाटावर बसलो होतो. खाली एक म्हातारी धुणे धूत होती. तिला मी विचारले, ‘आजी, घंटेवरची ती बाई कोण हो?’

तिने पिळा घातलेले लुगडे दगडावर ठेवले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की हा शहरातला शहाणा दिसतो खरा, पण असावा जरा मंद. ‘कडंवर ल्योक हाय न्हवं तिच्या?’ ती म्हणाली. ‘मंग कुनाची तरी आई हाय. त्यात काय इचारायचं, बाबा?’

मी गप्प बसलो. इतिहासाच्या चार पुस्तकांत मला जे मिळाले नसते ते तिने धुण्याच्या दगडावरून सांगून टाकले. पराभव कोणाचा, विजय कोणाचा, हे १७३९ च्या माणसांचे भांडण. घाटावरच्या बाईला घंटेवरची बाई ओळखीची वाटते, आणि ती ओळख पुरते. मला यात प्रश्नाचे उत्तर सापडले असे मी म्हणणार नाही. पण प्रश्नाची धार गेली.

घंटा टिकली तसे मेणवलीत आणखी काही टिकले, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते घंटेहून मोलाचे. नानांचे खासगी दप्तर घराण्याबरोबर येथेच राहिले. देशभरच्या वकिलांची पत्रे, बातम्या, हिशेब, याद्या, असे रुमालांत बांधलेले कागद या वाड्यात पुढे तीन-चार पिढ्या पडून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस त्यांच्यापर्यंत पोचले. पारसनीस म्हणजे ‘इतिहाससंग्रह’ मासिकाचे संपादक, कागदांचे वेडे, आणि वेड पार पाडण्याचे व्यवहारचातुर्य असलेले गृहस्थ. मेणवली दप्तर त्यांच्या संग्रहात आले. १९२५ साली साताऱ्यास त्यांच्या संग्रहासाठी ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले, दुसऱ्या वर्षी ते वारले, आणि १९३९ साली तो सारा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. म्हणजे जे कागद मुळात बव्हंशी पुण्याच्या फडासाठी लिहिले गेले, ते मेणवली आणि सातारा असा शंभर-सव्वाशे वर्षांचा मुक्काम करून पुन्हा पुण्यास पोचले.

हा मुक्काम घडला नसता तर काय झाले असते, याची कल्पना करायला फार लांब जायला नको. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्यास आग लागली आणि आतल्या इमारती खाक झाल्या. १८७९ च्या मे महिन्यात एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. बुधवारवाडा तर नावापुरता उरला. विश्रामबाग हे नाव पाहा. दुसऱ्या बाजीरावांनी राजधानीच्या ऐन मध्यावर विश्रामासाठी वाडा बांधला, आणि विश्राम त्यांनी भरपूर घेतला. नानांनी राजधानीपासून दूर वाडा बांधला, आणि त्यांना विश्राम मिळाला नाही. परंतु काळाच्या हिशेबात दूरच्या वाड्यातले कागद वाचले. आडगाव हीच कागदाची तिजोरी, हे आमच्या इतिहाससंशोधकांना फार लवकर उमगले होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे उपासतापास सोसत गावोगाव हिंडले ते यासाठीच. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला तो पानिपतावरच्या पत्रांचा, आणि त्याच्या मुळाशी वाईतच सापडलेले दप्तर होते. पुढे त्याच वाईत १९१६ साली प्राज्ञपाठशाळा निघाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेथे वाढले, आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम मुंबईपुण्याऐवजी या तालुक्याच्या गावी बसले. १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणायला कृष्णाकाठचा निवांतपणा लागावा, हा योगायोग मला वाटत नाही.

येथवर आल्यावर थांबावे आणि खेड्यातल्या शांततेची आरती ओवाळावी, असा मोह होतो. पण पाच दिवस गावात राहिलेल्या माणसाला तो मोह आवरावा लागतो. माझ्या यजमानांच्या आळीत तीन घरांना कुलपे होती. माणसे मुंबईला. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांची ही जुनी कहाणी आहे. गिरण्या चालत तोवर पोरे गिरणीत जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तरी मुंबईची वाट काही बंद झाली नाही. मला जी शांतता औषध म्हणून कोणी लिहून दिली, तिच्यातला काही भाग म्हणजे येथे नसलेल्या माणसांचे मौन आहे. नानांच्या काळीही हे वेगळ्या रीतीने खरेच असणार. सहा चौकांचा वाडा आणि घाटाचे घडीव दगड शेतसाऱ्यातूनच येतात. एकाचा विसावा हा पुष्कळांच्या श्रमावर उभा असतो, मग विसावा घेणारा मुत्सद्दी असो की माझ्यासारखा पेन्शनीतला मास्तर.

धोमला धरण झाल्यापासून नदीही पूर्वीची राहिली नाही. पाणी वर अडते आणि सोडतील तसे खाली येते. सुट्टीच्या दिवशी घाटावर मोटारी येतात, छायाचित्रे निघतात, घंटेखाली उभे राहून लोक हसतात आणि संध्याकाळी निघून जातात. गावकरी चहा विकतात. यात नाक मुरडण्यासारखे मला काही वाटत नाही. चहा विकून एक पोरगा मुंबईला न जाता राहिला, तर घाटाने त्याचे ऋण फेडले असे म्हणेन. काळजी वाटते ती दुसरीच. आजवर या गावातल्या वस्तू टिकल्या त्या कोणाचे लक्ष नव्हते म्हणून. आता लक्ष गेले आहे. वाड्याच्या भिंतीवरची चित्रे दोन-अडीचशे वर्षांच्या दुर्लक्षाला पुरून उरली; कौतुकाला पुरून उरतील की नाही, हे पुढच्या पिढीने पाहायचे आहे. दुर्लक्षात टिकवायला नशीब लागते, कौतुकात टिकवायला शहाणपण लागते. आणि ते शहाणपण बाहेरून येणाऱ्या पाहुण्यापेक्षा, ज्याच्या घराला कुलूप नाही त्या गावकऱ्याच्या हाती राहिले, तर जास्त बरे.

आपल्या इतिहासात लढाया पुष्कळ आहेत आणि तहही पुष्कळ आहेत. विसाव्याचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही. तो लिहायचा झाला तर त्यात एक प्रकरण मेणवलीचे असावे. त्यात लिहावे की एका थकलेल्या माणसाने येथे स्वतःसाठी शांतता बांधली आणि ती त्याला लाभली नाही. ती लाभली त्याच्या विधवेला, त्याच्या कागदांना, परमुलखातून आलेल्या एका घंटेला, आणि तिच्याखाली धुणे धुणाऱ्या बायांना. नाना हिशेबाचे पक्के होते. जमाखर्चाच्या या ताळेबंदावर त्यांनी, मला वाटते, मुकाट्याने सही केली असती.